झगा आमचा, घड्याळ त्यांचं

वहिनी, काल रात्री किंकाळी ऐकलीत ना? घाबरू नका, ती आमच्याकडचीच. नातवाने ‘द ओमेन’ लावला होता. 1976चा, ग्रेगरी पेकचा. पोरगं ढिम्म, आणि किंचाळले कोण तर आमचे हे! तो ट्रक घरंगळतो, वरची काच सुटते आणि त्या फोटोग्राफरचं... जाऊ दे, तुम्ही मेथी निवडताय.

गोष्ट माहीत नाही? अहो, अमेरिकन साहेब रोममध्ये असतो. बायकोचं बाळ जन्मताच गेलं असं त्याला सांगतात आणि एक फादरच दुसरं तान्हं पुढे करतो. बायकोला पत्ता लागू देत नाहीत! आपल्या हिंदी पिक्चरमध्ये अदलाबदल झालेलं मूल शेवटी आईच्या गळ्यात पडतं, इथे ते सैतानाचं निघतं. पुढे साहेब लंडनला राजदूत होतो आणि पोराच्या पाचव्या वाढदिवसाला, सगळ्या पाहुण्यांदेखत, त्याला सांभाळणारी मुलगी गळ्यात दोर अडकवून वरून उडी टाकते. हसत हसत हो! मी मात्र भ्याले ती संगीताला. ते लॅटिन कोरस सुरू झालं की अंगावर काटाच. जेरी गोल्डस्मिथला आयुष्यात एकच ऑस्कर मिळाला, तो ह्याच पिक्चरला. उगाच नाही.

पण माझं डोकं फिरलं ते निराळ्याच गोष्टीवरून. एक फादर राजदूताला गाठून कविता म्हणून दाखवतो, ज्यू सियोनला परततील, आभाळात धूमकेतू दिसेल वगैरे. पुढे ती बायबलमधल्या प्रकटीकरणातली म्हणून खपवतात. मी टीव्ही थांबवला, कपाटातून दिब्रिटो फादरांचं ‘सुबोध बायबल’ काढलं आणि बसले शोधत. हे म्हणतात, झोप आता. झोपते कसली! नाहीच ती त्यात. पटकथा लिहिणाऱ्या डेव्हिड सेल्झरची ती करामत. मी इतकी वर्षं पोरांना धर्मशिक्षण देते, मला शिकवतायत!

तेव्हापासून मी ताडलंय. ह्या सगळ्या जगबुडीच्या पिक्चरांत झगा आमचा आणि घड्याळ दुसऱ्याचं. फादर, क्रूस, मेणबत्त्या, लॅटिन, व्हॅटिकनची अंधारी दालनं, सगळं आम्हा कॅथलिकांकडून उसनं. दिसायला झकास ना! पण आधी अमुक होणार, मग सात वर्षं हाल, मग तमुक, हे वेळापत्रक आमच्या मिस्सेत कधी ऐकलंय का? प्रभू पुन्हा येणार, न्याय होणार, हे आम्ही दर रविवारी म्हणतो. कधी, ते विचारायचं नाही. ती घटका आपल्यालाही ठाऊक नाही असं खुद्द येशूच सांगून गेलाय. वेळापत्रक आलं जॉन नेल्सन डार्बी नावाच्या प्रवचनकाराकडून, एकोणिसाव्या शतकात. मग 1909 साली अमेरिकेत स्कोफिल्ड बायबल निघालं, त्याच्या तळटिपांतून ते घराघरांत शिरलं. 1970ला हॅल लिंडसेचं त्याच वेळापत्रकाचं पुस्तक तडाखेबंद खपलं आणि सहा वर्षांनी आला हा ‘ओमेन’. आता सांगा, कुठलं पाणी कुठे मुरलं?

त्या घड्याळवाल्यांचे स्वतःचे पिक्चरही आहेत बरं. ‘लेफ्ट बिहाइंड’. 2000 साली एक आला, मग 2014ला निकोलस केजला पायलट करून पुन्हा काढला. उडत्या विमानातून भाविक माणसं एकदम गायब, कपडे तेवढे सीटवर! मी नातवाला म्हटलं, म्हणजे एवढी मंडळी स्वर्गात उघडीच गेली की रे.

आणि श्वार्झनेगरचा ‘एंड ऑफ डेज’? 1999चा. त्यात म्हणे प्रकटीकरणातला सैतानी आकडा 666 उलटा धरला की 999, त्याच्या मागे एक लावला की 1999. सैतानाला एका बिचाऱ्या मुलीच्या पोटी मूल हवंय, आणि मुहूर्त 31 डिसेंबरच्या रात्री अकरा ते बारा. कुठल्या घड्याळाने, असं खुद्द हिरोच विचारतो. न्यूयॉर्कला अकरा वाजतात तेव्हा आपल्या वसईत एक तारखेचे सकाळचे साडेनऊ. मिस्सा आटोपून आमचं मटण चुलीवर चढलेलं असतं! बरं, 666 तरी पक्कं का? काही जुन्या हस्तलिखितांत 616 आहे. बरेच अभ्यासक म्हणतात, तो रोमच्या नीरो बादशहाच्या नावाचा अक्षरांतून काढलेला आकडा. पाटमोस बेटावर बसून प्रकटीकरण लिहिणारा योहान छळ सोसणाऱ्या सात मंडळ्यांना धीर देत होता. त्याला काय माहीत, त्याचा आकडा डोक्यावर शोधायला ग्रेगरी पेक झोपलेल्या पोराचे केस कापत बसणार आहे! हॉलिवूडवाले मात्र तो आकडा सोडायला तयार नाहीत. ‘ओमेन’ पुन्हा काढला तो लावला कधी, तर 6 जून 2006ला. सहा, सहा, सहा! धंदा, दुसरं काय.

एक मात्र कबूल करते. हे सगळे पिक्चर बाईच्या पोटाशी येऊन थांबतात, ते काही अगदीच हवेतलं नाही. प्रकटीकरणाच्या बाराव्या अध्यायात सूर्य पांघरलेली बाई कळा देतेय आणि मूल गिळायला अजगर समोर टपून बसलाय. त्या एका चित्रावर हॉलिवूड किती वर्षं जगलंय बघा! बाकीचे बावीस अध्याय वाचायला त्यांना सवड... बावीस नाही हो, हा धरून बावीस.

त्यातला ‘द सेव्हन्थ साइन’ मला आवडतो, 1988चा. डेमी मूर गरोदर असते, आधी एक मूल गेलेलं, आणि घराच्या आवारातली खोली अनोळखी माणसाला भाड्याने देते. ना ओळखपाळख, ना पोलिसात नोंद! तो एकेक मोहोरबंद पाकीट फोडतो आणि जगात कुठे समुद्रातले मासे मरतात, कुठे वाळवंट गोठतं. भाडेकरू कोण निघतो ते सांगणार नाही. आज रात्री तोच लावतोय, या जेवण आटोपून. काकांनाही आणा, पण त्यांना सांगून ठेवा, मधे मधे शेवट विचारायचा नाही. आणि ती मेथी एवढी आणलीत कशाला? अर्धी इकडे द्या, निवडून ठेवते.