एकाच फडातले दोघे

शिरोळ तालुक्यात ऊस इतका, की पाखराला आणि जनावराला राहायला दुसरी जागाच उरली नाही. त्यामुळे भारद्वाज आणि घोरपड एकाच फडात नांदतात. पत्ता एक, पण पत निराळी.

आमच्या शेजारचे आण्णा सोसायटीत कर्ज मागायला निघाले आणि बांधावर भारद्वाज दिसला, की गाडी थांबवून, चप्पल काढून हात जोडतात. "झालं, कर्ज मंजूर!" घोरपड दिसली की तीच चप्पल हातात येते. "अपशकुनी हाय ती. चावली तर पाणी मागायचा न्हाईस."

घोरपडीच्या चाव्यानं माणूस मरत नाही. पावणेदोन मीटरपर्यंत वाढणारं हे धूड माणूस दिसला की आधी पळतं. वाट नाहीच मिळाली तर गळा फुगवून फुसकारतं. दुभंगलेली जीभ आतबाहेर करत ते वास काढतं, तो उंदीर, खेकडे, किडे आणि अंड्यांचा.

आणि शुभ भारद्वाज? काळ्या अंगावर विटकरी पंखांची शाल पांघरून, लाल डोळे वटारून तो बांधावरून संथ चालतो, तेव्हा जप करत नसतो. गोगलगाई, सरडे, दुसऱ्यांच्या घरट्यातली अंडी-पिल्लं, त्याला काहीच वर्ज्य नाही. एकदा माझ्यादेखत तो चोचीतला सरडा ढेकळावर आपटत होता आणि आण्णा समोर डोळे मिटून उभे होते.

घराणं काढायचं, तर घोरपड वरचढ. घोरपडीला दोर बांधून एक पूर्वज विशाळगड चढला म्हणून घराण्याला घोरपडे हे नाव पडलं, अशी आख्यायिका आहे. कुरुंदवाडला संताजी घोरपड्यांची समाधी दाखवतात, तिथं आण्णा भक्तिभावानं डोकं टेकवतात.

मेल्यावर मात्र घोरपडीचं नशीब उघडतं. नराचं वाळवलेलं जननेंद्रिय 'हत्था जोडी' नावाची दैवी मुळी म्हणून विकलं जातं. लक्ष्मी यावी म्हणून लोक ते तिजोरीत ठेवून रोज धूप दाखवतात. लक्ष्मीला काय वाटत असेल, देव जाणे!

1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं घोरपडीला पहिल्या अनुसूचीत, थेट वाघाच्या पंक्तीला बसवलं आहे. तिला मारलं तर तुरुंगाची वाट. कर्ज मंजूर होणं साहेबाच्या हातात, पण हा अपशकुन टाळणं आपल्याच हातात. तेव्हा आण्णा, घोरपड परड्यात शिरली तर चप्पल पायातच ठेवा आणि वनखात्याच्या 1926 या क्रमांकावर फोन करा.