घरच्या घरी फिशर : नवशिक्यांसाठी मार्गदर्शन

सर्वप्रथम जागा नीट ओळखून घ्यावी. गुदद्वाराच्या तोंडाशी, आतल्या बाजूला, जेमतेम एक-दीड सेंटिमीटर रुंदीचा नाजूक त्वचेचा पट्टा असतो. त्याच्या वर, आतड्याच्या अस्तराला सुई टोचली तरी फारसं कळत नाही. या पट्ट्याला मात्र सगळं कळतं. येणारा वायू आहे की आणखी काही, याचा अंदाज चारचौघांत बसल्या बसल्या घेता यावा म्हणून ही सोय आहे आणि एरवी ती फार उपयोगी पडते. या पट्ट्याला उभी चीर पडली की झालं फिशर. साधारण दहापैकी नऊ वेळा ती मागच्या बाजूला, माकडहाडाकडे, बरोबर मधोमध पडते, कारण तिथे रक्तपुरवठा सगळ्यात कमी. बायकांमध्ये, विशेषतः बाळंतपणानंतर, ती पुढच्या बाजूलाही पडू शकते. चीर इंचभरही नसते, पण आकार पाहून शिकाऊ माणसाने नाउमेद होऊ नये.

साहित्य घरात असतंच. शंभर ग्रॅम ज्वारीच्या पिठात दहा ग्रॅमच्या आसपास चोथा असतो, बाजरी-नाचणीतही तेवढाच किंवा थोडा जास्त. मैद्यात तो तीन ग्रॅमही भरत नाही. तेव्हा भाकरी प्रथम बंद करावी. सकाळी चहाबरोबर खारी, दुपारी ऑफिसखाली पाव, संध्याकाळी टोस्ट, रात्री बाहेरून मागवलेला नान. दिवसाला पंचवीस-तीस ग्रॅम चोथा पोटात जायला हवा असं आहारतज्ज्ञ सांगतात. या क्रमाने गेल्यास त्याच्या निम्म्यालाही पोहोचण्याची भीती नाही. उपवास करणाऱ्यांना आणखी जवळचा रस्ता आहे. साबुदाणा म्हणजे निव्वळ पिष्ट, चोथा जवळपास शून्य. खिचडीत दाण्याचं कूट घालतात, त्यात थोडा असतो; म्हणून कूट बेताने घालावं. राजगिरा टाळावा, केळं-पेरू तर नकोच. पाणी दिवसभरात चहाच्या रूपाने जेवढं जाईल तेवढं पुरे.

आता कृती. सकाळचा पहिला घोट पोटात गेला की मोठं आतडं हलतं आणि वेग येतो. ही शरीराची उपजत प्रतिक्रिया आहे, चहाच्या ब्रँडची करामत नव्हे. हा वेग आला की घड्याळाकडे बघावं, लोकल आठवावी आणि दाबून ठेवावा. दाबलेला वेग पंधरा-वीस मिनिटांत मुकाट्याने मागे फिरतो. पण मळ तिथेच थांबलेला असतो आणि आतडं त्यातलं पाणी शोषत राहतं. संध्याकाळपर्यंत चांगला खडा तयार होतो. ऑफिसातल्या, शाळेतल्या, एसटी स्टँडवरच्या संडासात पाऊल ठेववत नाही म्हणून आपल्याकडे हजारो बायका हा भाग रोज, काहीही न शिकता, उत्तम करतात. त्यांच्याबाबतीत थट्टा करवत नाही. तो दोष त्यांच्या सवयीचा नाही, जो संडास बांधून दरवाजाला कुलूप लावतो त्याचा आहे.

रात्री कमोडवर बसताना फोन बरोबर न्यावा. उकिडवं बसलं की गुदाशयाचा वाक सरळ होतो आणि काम सोपं होतं. कमोडवर गुडघे खाली राहतात, वाक तसाच राहतो. पायाखाली पाट किंवा बुटकं स्टूल घेतलं तरी बराच फरक पडतो, म्हणून पाट देवघरातच असू द्यावा. मग वीस मिनिटं बसून कुंथावं. एखाद्या रात्री तो खडा बाहेर येताना चरचरून काहीतरी फाटल्याचं कळेल. रुग्ण याला काच गेल्यासारखं म्हणतात. नंतर लालभडक रक्ताचे दोन-चार थेंब दिसतील. अभिनंदन.

हेच यश उलट्या मार्गानेही मिळतं. पोट साफ व्हावं म्हणून जालीम जुलाब घ्यावा, एरंडेलाचा हात सैल सोडावा. वारंवार होणाऱ्या पातळ जुलाबांनीही हीच त्वचा सोलवटते. आयुर्वेदात या दुखण्याला परिकर्तिका म्हणतात आणि विरेचनाच्या उपद्रवांत तिची गणना केली आहे. म्हणजे ‘पोट साफ असलं की झालं’ हे निदान पूर्वीच्या वैद्यांनी तरी मानलेलं दिसत नाही.

घरात लहान मूल असेल तर त्याच्याकडून शिकावं. गुदावाटे रक्त दिसण्याचं लहान मुलांतलं नेहमीचं कारण फिशरच. दोन-तीन वर्षांचं मूल, दूध भरपूर आणि भाजी अजिबात नाही, असं असेल तर एक दिवस त्याला दुखतं. दुसऱ्या दिवसापासून ते पडद्यामागे जाऊन, पाय जुळवून, टाचा उचलून, ढुंगण आवळून उभं राहतं. तोंड लालबुंद होतं. आईला वाटतं, जोर लावतंय. प्रत्यक्षात ते अडवत असतं. अशा वेळी त्याला रागावून भांड्यावर बसवलं की आठवडाभराचं काम एका सकाळी होतं. बाळंतिणीच्या बाबतीत घरातली मोठी माणसं मदतीला असतातच. लोहाच्या गोळ्यांनी मळ घट्ट होतो, त्यावर डिंकाचे लाडू, तुपातला शिरा, आणि ‘पाणी जास्त पिऊ नकोस, पोट सुटेल’ हा सल्ला.

इथपर्यंत आलात की पुढे तुम्हाला फारसं काही करावं लागत नाही. गुदद्वाराला स्नायूंची दोन कडी असतात. बाहेरचं आपल्या ताब्यात, आतलं नाही. चीर दुखली की आतलं कडं आपसूक आवळतं आणि आवळलेलं राहतं. शौचाला जाऊन आल्यावर तासन्‌तास जी ठणक राहते, ती बरीचशी या आवळण्याची. आवळलं की त्या जागी मुळात कमी असलेलं रक्त आणखी कमी पोहोचतं, जखम भरत नाही. दुखेल या भीतीने माणूस दोन दिवस जातच नाही, तिसऱ्या दिवशीचा खडा जुनी चीर नव्याने उघडतो. सहा-आठ आठवडे हे चक्र न मोडता चालवलं की फिशर जुनं झालं असं डॉक्टर म्हणतात. चिरेच्या कडा निबर होतात, तळाशी स्नायूचे पांढरट तंतू दिसू लागतात आणि बाहेरच्या टोकाला कातडीचा एक लोंबता तुकडा येतो.

हा तुकडा फार महत्त्वाचा. हाताला तो लागला की घरातले सगळे एकमताने सांगतात, ‘मूळव्याधीचा कोंब आहे.’ मुळात कमरेखाली मागच्या बाजूला जे काही होतं ते आपल्याकडे मूळव्याधच असतं. खरं तर मूळव्याधीत बहुतेक वेळा रक्त पडतं पण दुखत नाही. फिशरमध्ये रक्त थोडं आणि दुखणं भयंकर. एवढ्या एका प्रश्नावर निम्मं निदान होतं. पण तो प्रश्न विचारायला डॉक्टरकडे जावं लागतं आणि तिथे जायचं तर पॅन्ट उतरवावी लागते. म्हणून त्याऐवजी सुरणाची भाजी खावी. औषधाच्या दुकानात, गिऱ्हाईक कमी असताना, पुटपुटत ‘ती ट्यूब’ मागावी. दुकानदारालाही तिचं नाव मोठ्याने घ्यायचं नसतं; तो कागदात गुंडाळून देतो. त्यात भूल देणारं औषध असलं तर तासभर बरं वाटतं, स्टिरॉइड असलं आणि महिनोन्‌महिने चोळत राहिलं तर तिथली त्वचा पातळ होते. तेवढ्याने समाधान झालं नाही तर रेल्वे स्टेशनच्या भिंती वाचाव्यात. मूळव्याध, भगंदर, फिशर, विना ऑपरेशन, एका दिवसात, गॅरंटी. कसलं इंजेक्शन, कसला क्षार, काय कापणार, हे विचारू नये.

तपासणीची धास्ती खरी आहे, ती हसण्यावारी नेण्यासारखी नाही. पण ताज्या फिशरमध्ये समंजस डॉक्टर बोट घालायच्या भानगडीत पडतच नाही. कुशीवर झोपवून, गुडघे पोटाशी घ्यायला सांगून, ढुंगण हलकेच बाजूला केलं की चिरेचं टोक दिसतं. दोन मिनिटांचं काम. आत घालायच्या दुर्बिणीची घाई कोणी करत असेल आणि तुम्ही कळवळत असाल, तर ‘दुखणं कमी झाल्यावर बघूया का’ असं विचारायचा तुम्हाला हक्क आहे.

काही नतद्रष्ट वाचकांना फिशर बरंच करायचं असतं. त्यांच्यासाठी थोडं लिहितो.

नव्या फिशरपैकी निम्मी तरी काही आठवड्यांत साध्या उपायांनी बुजतात. मळ मऊ हवा, बस. भाकरी, उसळी, पालेभाजी, सालासकट फळं. त्यावर इसबगोल. उत्तर गुजरातेत उंझा-सिद्धपूरच्या भागात हा भुसा पोत्यांनी निघतो आणि याच्याइतकी हेळसांड दुसऱ्या कुठल्याच स्वस्त औषधाची होत नसेल. लोक चमचाभर भुसा दोन घोट पाण्याबरोबर गिळतात. तो स्वतःच्या कितीतरी पट पाणी धरतो. पाणी दिलं नाही तर घशात अडकतो किंवा आत जाऊन आणखी घट्ट बसतो. मोठ्या ग्लासभर पाण्यात ढवळावा, त्याची खीर व्हायच्या आत पिऊन टाकावा, आणि वर आणखी एक ग्लास पाणी. एका रात्रीत चमत्कार होत नाही. दोन-तीन दिवस लागतात, आधी पोट थोडं फुगतं. तिखट काही दिवस बेताचं ठेवावं: मिरचीचा झोंबरेपणा ओळखणारे मज्जातंतू फक्त जिभेवर असतात असा आपला गैरसमज आहे.

दुसरा उपाय कोमट पाण्यात बसणे. शौचाला जाऊन आल्यावर आणि शिवाय दिवसातून एक-दोनदा, दहा-पंधरा मिनिटं. कोमट पाण्याने आतलं कडं सैल पडतं, ठणक थांबते. उपाय सोपा, अडचण जागेची. दोन खोल्यांच्या घरात, सकाळी सव्वासातला, प्लास्टिकच्या टबात पाय बाहेर काढून बसायचं, एक कोपर नळाला, दुसरं बादलीला, आणि बाहेरून मुलगी दार वाजवतेय, ‘बाबा, मला उशीर होतोय.’ पाण्यात डेटॉल, तुरटी, पोटॅशियम परमँगनेट काही घालू नये. नुसतं पाणीच काम करतं, बाकीच्यांनी आग होते. पाणी किती गरम, हे हाताने पाहावं. टब वेगळा ठेवावा आणि घरात तसं स्पष्ट सांगावं. नाहीतर त्याच टबात गौरी-गणपतीच्या आदल्या दिवशी कुणीतरी तांदूळ भिजवलेले असतील.

एवढ्याने न भागल्यास मलम. नायट्रोग्लिसरीन, म्हणजे आल्फ्रेड नोबेलने १८६७ साली ज्याच्या जोरावर डायनामाइटचं पेटंट घेतलं ते, अगदी सौम्य प्रमाणात. त्याने स्नायू सैल होतो, रक्तपुरवठा वाढतो आणि बऱ्याच जणांचं डोकं सणकून दुखतं. पुरुषत्वाच्या निळ्या गोळीबरोबर ते कदापि वापरू नये, रक्तदाब धोक्याइतका उतरतो. म्हणून हल्ली बरेच डॉक्टर दोन टक्क्यांचं डिल्टियाझेम देतात. एरवीचं रक्तदाबाचं औषध, पण त्याने डोकं कमी दुखतं. वाटाण्याएवढं, दिवसातून दोनदा, सहा ते आठ आठवडे. चार दिवसांत बरं वाटलं म्हणून बंद करणारे महिन्याने परत येतात. त्यापुढे बोटॉक्सचं इंजेक्शन. होय, कपाळावरच्या सुरकुत्या घालवणारंच. काही महिने स्नायू सैल ठेवतं, तेवढ्यात चीर बुजते.

शेवटी शस्त्रक्रिया. पूर्वी भूल देऊन बोटांनी गुदद्वार ताणत. कुठला स्नायू किती फाटला याचा हिशेब राहत नसे, म्हणून ती पद्धत मागे पडली. आता आतल्या कड्याचा थोडासा भाग, चिरेपासून दूर एका बाजूला, मोजून कापतात. दहापैकी नऊ किंवा त्याहून जास्त जणांचं फिशर यात बरं होतं, दुखणं तर कित्येकदा दोन-चार दिवसांतच थांबतं. पाटीवर लेझर लिहिलेलं असलं तरी कापायचा स्नायू तोच. मुख्य धोका एकच, पण तो आधी विचारून घ्यावा: काहींना वायूवर, क्वचित पातळ मळावर, ताबा कमी राहतो. बाळंतपणं झालेल्या बाईचा स्नायू आधीच दुखावलेला असू शकतो, तिथे सर्जन जास्त जपून पावलं टाकतो.

एक गोष्ट थट्टा बाजूला ठेवून. चीर मधोमध नसून बाजूला असेल, एकाहून जास्त असतील किंवा अजिबात दुखत नसेल, तर ते साधं फिशर नसू शकतं. क्षयरोग, आतड्याचा क्रोन्सचा आजार, एचआयव्ही, कर्करोग यांचा शोध घ्यावा लागतो. पू, ताप, वजन उतरणं, काळपट रक्त, शौचाची सवय अचानक बदलणं, किंवा पंचेचाळिशीनंतर पहिल्यांदाच रक्त दिसणं, यातलं काहीही असेल तर ट्यूब आणि सुरण दोन्ही बाजूला ठेवून त्याच आठवड्यात सर्जनकडे जावं.

आता फक्त नातेवाईक उरले. शस्त्रक्रिया झाल्यावर बहुतेक जण त्याच संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतात, आणि तिसऱ्या दिवशी शहाळं घेऊन मामा येतात. ‘कसलं ऑपरेशन?’ ‘छोटंसंच’ असं म्हणून भागत नाही. हर्निया सांगू नये, मामांचा झालेला असतो आणि ते जाळी कुठल्या कंपनीची बसवली ते विचारतात. पाठीचं सांगितलं तर चार जणांचे मालिशवाले येतात. सरळ फिशर सांगावं. मामा क्षणभर गप्प होतात, खुर्ची थोडी जवळ ओढतात, स्वयंपाकघराकडे एकदा बघून घेतात आणि हलक्या आवाजात विचारतात, ‘त्या डॉक्टरचा नंबर आहे का रे तुझ्याकडे?’