चिरंजीवांची डोलखुर्ची

ऑर्हुस, डेन्मार्क

ती. बाबा व ती. आई यांना,


पत्रास कारण की, तुमच्या चिरंजीवांनी खुर्ची केली. विकत आणली नाही, केली. व्हिडिओ कॉलवर तुम्हाला ती तुकड्यातुकड्यांनी दिसली असेलच. पण फोन ह्यांच्याच हातात असल्यामुळे जे दाखवायचं नव्हतं ते दिसलं नाही. म्हणून भिलाईच्या वैशाली नगरच्या पत्त्यावर हे सविस्तर.

बाबा, तुम्ही उन्हाळ्यात येणार म्हटल्यावर तुमच्यासाठी डोलखुर्ची हवी, असं ह्यांच्या मनाने घेतलं. इथे खुर्चीचा विषय निघाला की हान्स वेग्नरचं नाव निघतंच. जोडे शिवणाऱ्याचा मुलगा, पोरवयातच सुताराकडे उमेदवारीला लागला आणि जन्मभरात पाचशेच्या वर खुर्च्या त्याने आखल्या. आमच्या ऑर्हुसच्या टाउन हॉलमधलं फर्निचरही त्याचंच. 'जे 16' ही त्याची डोलखुर्ची 1944 ची. उंच पाठीला उभ्या दांड्या, बैठकीला कागदी दोरीची वीण. आखली होती सहकारी दुकानांच्या संघासाठी, म्हणजे साध्या माणसाच्या घरी परवडावी म्हणून! आता तीच दुकानात दिव्याखाली मांडलेली असते. किमतीची चिठ्ठी वाचून माझ्या पायांतलं बळच गेलं. समोर बसायला तीच होती, म्हणून बसले. फार सुख आहे हो. ह्यांनी तेवढ्यात खिशातून टेप काढून मापं घ्यायला सुरुवात केली. मी डोलत राहिले आणि दुकानातल्या बाईला बोलण्यात गुंतवलं.

जुन्या सामानाच्या दुकानात बीच लाकडाची एक उंच पाठीची खुर्ची मिळाली. बैठक फाटलेली, म्हणून जवळजवळ फुकट. राहिल्या खालच्या दोन कमानी. त्या जाड फळीतून सरळ कापून काढायच्या असा ह्यांचा बेत होता. तेव्हा तुम्ही भिलाईहून ओरडलात ना, "अरे, टोकाशी लाकडाची रेष आडवी जाईल, तिथेच मोडेल!" पोलाद कारखान्याच्या पॅटर्न शॉपमध्ये हयात घालवलेल्या माणसाचा आवाज तो. शेजारच्या आजीबाई गॅलरीत येऊन बघून गेल्या.

मग पातळ पट्ट्या एकावर एक चिकटवून साच्यावर वाकवायचं ठरलं. सुतळीला पेन्सिल बांधून ह्यांनी बैठकीच्या खोलीत मीटरभराहून थोड्या मोठ्या त्रिज्येचा कंस काढला. सोफा त्या दिवसापासून अजून जिन्याकडे तोंड करून आहे. पट्ट्या आवळायला शिकंजे हवेत, आणि एवढे शिकंजे घ्यायचे तर दुकानातली खुर्ची काय वाईट होती? पण हा सायकलींचा देश. सायकलवाल्याने फुटक्या ट्यूब आनंदाने दिल्या. त्यांच्या लांब पट्ट्या कापून साच्याभोवती करकचून गुंडाळल्या. त्याहून चांगला शिकंजा नाही, हे माझं स्वतंत्र मत आहे.

सोडल्यावर पट्ट्या थोड्या उलगडणार, म्हणून साचा जरा जास्तच वाकडा कर, हेही तुमचंच. ओतलेलं पोलाद थंड होताना आकसतं म्हणून पॅटर्न मापापेक्षा मोठा करायचा, तसंच हे. पदवी घेतलेल्या इंजिनिअरने ते वहीत लिहून घेतलं.

आई, बैठक मात्र माझी. रविवारी ठोकाठोक करायची नाही हा आमच्या इमारतीचा नियम. विणण्याचा आवाज होत नाही, त्यामुळे रविवार आपोआप माझ्या वाट्याला आले. हा नियम बाईने केलेला नसणार. वेग्नरच्या प्रसिद्ध वाय खुर्चीच्या बैठकीला सुमारे 120 मीटर दोरी लागते, त्यावरून तुम्ही अंदाज करा. कागदाची पीळ दिलेली दोरी, किंचित ओलसर करून ओढायची. "कागदाचीच ना? मग पाहुण्यांना बसवू नकोस," असं तुम्ही म्हणालात. पण बाज विणलेल्या बाईची नजर ती. कोपऱ्यावर वीण सैल पडतेय हे तुम्हाला फोनवरून दिसलं, ह्यांना शेजारी बसून दिसलं नव्हतं.

बसणाऱ्याचा गुरुत्वमध्य कमानीच्या वर्तुळाच्या मध्याखाली राहिला तर खुर्ची मागे जाऊन परत येते, उलटत नाही, असं ह्यांनी मला नीट समजावलं आणि पहिल्यांदा बसायला मलाच सांगितलं. परत आली.

खर्च दुकानातल्या किमतीच्या दहाव्या हिश्श्यात भागला, असं हे सगळ्यांना सांगतात. ड्रिल मशीन त्यात धरलेलं नाही, कारण ते "पुढेही उपयोगी पडेल."

आता न दाखवलेली गोष्ट. दोन कमानी अगदी सारख्या नाहीत. त्यामुळे डोलता डोलता खुर्ची डावीकडे सरकत जाते. टीव्हीसमोर बसलेला माणूस बातम्या संपेपर्यंत स्वयंपाकघराच्या दारात येतो. हे म्हणतात, चालायचंच. मी म्हणते, तेच तर नको आहे.

तेव्हा बाबा, येताना तुमचा लहान रंधा, गुण्या आणि पटाशी घेऊन या. तुमच्या रंध्याचे चार हात फिरले की काम होईल. आई, पटाशीला धार लावायचा दगड सुपेल्याच्या रविवार बाजारात मिळाला तर बघा. आणि ही हत्यारं कापडात गुंडाळून चेक-इनच्या बॅगेतच ठेवा, बाबांच्या खांद्यावरच्या पिशवीत मुळीच नको.

तुमची सून