पुरस्कार अधिक जीएसटी

पूर्वी पुरस्कार मिळाला की पैसे यायचे. नोबेलवाले ही जुनाट पद्धत अजूनही चालवतात. पदकाबरोबर १ कोटी १० लाख स्वीडिश क्रोनर देऊन मोकळे होतात. आपल्याकडे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिकाचे ५ लाख मिळत, वर पासष्टीपर्यंत महिना १५ हजार. मग २०२३मध्ये केंद्राने राष्ट्रीय विज्ञान पुरस्कार आणले, भटनागर त्यात सामावून घेतलं आणि रोख रक्कम काढून टाकली. आता पदक आणि मानपत्र. बरोबरच आहे, शास्त्रज्ञाला पैशाचा मोह कशाला? तो आवरायची सवय त्याला पीएचडीची फेलोशिप रखडते तेव्हापासूनच असते.

उद्योगक्षेत्र मात्र आणखी पुढे गेलंय. तिथे पैसे विजेता देतो.

भोसरीत पिना आणि बुश बनवणाऱ्या आमच्या एका स्नेह्यांना परवा फोन आला. ‘सर, काँग्रॅच्युलेशन्स! लीडरशिप आणि इनोव्हेशनसाठी तुमचं नॉमिनेशन झालंय.’ परीक्षकांनी आपला कारखाना कधी पाहिला, हे विचारायच्या आत पीडीएफ येऊन पडली. सिल्व्हरमध्ये ट्रॉफी आणि सर्टिफिकेट. गोल्डमध्ये स्मरणिकेत पानभर फोटो. प्लॅटिनममध्ये ट्रॉफी सिनेनटीच्या हस्ते, जेवणाचे दोन जादा पास, रील वेगळं. खाली बारीक अक्षरात: अधिक जीएसटी.

‘इनोव्हेशन नेमकं कोणतं?’ स्नेह्यांनी भाबडेपणाने विचारलं.

‘ते तुम्हीच लिहून पाठवा ना सर, शंभर शब्दांत.’

सीएने हरकत घेतली नाही. जाहिरात खर्चात टाकू म्हणाला, इनपुट क्रेडिटही घेऊ; फक्त जेवणाचं नाही, ते कायद्यानेच अडवलंय. (म्हणजे सन्मानाचा परतावा मिळतो, पनीरचा नाही.)

समारंभाला पंचतारांकित हॉटेलात विजेता नसलेले म्हणजे फक्त वाढपी. नटीने आडनावाची पार वाट लावली, पण फोटोत आवाज येत नाही.

ते शंभर शब्द होते फिक्स्चर बदलून सायकल टाइम कसा कमी केला, याबद्दल. फिक्स्चर बसवलं होतं फोरमनने. एक पास त्याला द्यायचं साहेबांच्या मनात होतं, पण एक वहिनींना लागला आणि नेमके मेहुणे आले. शिवाय लॉट त्याच रात्री निघायचा होता. सेकंड शिफ्ट कोण बघणार?

रात्री त्याच्या व्हॉट्सॲपवर ट्रॉफीचा फोटो पोचला. त्याने थम्सअप टाकला आणि खाली लिहिलं, ‘साहेब, नवीन कोलेटचं काय झालं? दोन महिने मागतोय.’

‘या महिन्यात जरा ओढाताण आहे रे,’ साहेबांचं उत्तर आलं.