जखमी पाकटाची घरगुती निगा

पाकट हा कूर्चेचा सांगाडा असलेला, चपटा, तळाशी राहणारा मासा होय. कोकणात तो समुद्रात सापडतो आणि कालवणात शोभतो. घरच्या फिश टँकमध्ये पाळतात तो मात्र दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांचा, गोड्या पाण्यातला. दुकानदार त्याला ‘मोटोरो’ म्हणतात. मालक ‘पोटामोट्रिगॉन मोटोरो’ म्हणतो, तेही पाहुण्याच्या हातात चहाचा कप देऊन, म्हणजे त्याला उठता येत नाही. हे नाव एका दमात उच्चारता येणे हीच मालकाची प्रमुख पात्रता होय. समुद्रापासून इतक्या दूर, खुलताबादच्या डोंगरावर अशी पात्रता दुर्मीळ असल्याने प्रस्तुत लेखकाची कॉलर बराच काळ ताठ होती, एवढी नोंद येथे पुरे.

इजेची कारणे ठरलेली आहेत. पहिले, जाळी नसलेला हीटर. पाकटाला खवले नसतात आणि तो खुशाल हीटरवर अंग टाकतो. दुसरे, सकर मासा. काच साफ ठेवील म्हणून त्याला आणतात, पण पाकटाच्या अंगावरचा बुळबुळीत थर एकदा चाखला की त्याचे काचेवरून मन उडते. तिसरे, सजावट. वेरूळ हाकेच्या अंतरावर असल्याने टाकीतही छोटेसे कैलास लेणे असावे, असा मोह येथील मालकाला होतो. त्या लेण्याचे कंगोरे पाकटाच्या कडा फाडतात. तळाला बारीक वाळू आणि बाकी मोकळी जागा, एवढेच त्याला हवे असते. पण मोकळी जागा पाहुण्यांना दाखवता येत नाही.

लक्षणे ओळखणे सोपे आहे. धडधाकट पाकट वाळू अंगावर ओढून घेतो, डोळे तेवढे वर ठेवतो आणि डोळ्यांमागच्या छिद्रांतून सावकाश श्वास घेतो. दुखावलेल्याची छिद्रे भराभर उघडझाप करतात, कोळंबी तोंडापुढे ठेवली तरी तो हलत नाही आणि चकतीसारख्या अंगाच्या कडा पापडासारख्या वर वळू लागतात. कडा वळल्या की प्रकरण गंभीर समजावे. हे लक्षण मालकाला प्रथम दिसत नाही. टाकीशेजारी बसून मेथी निवडणाऱ्या, लॅटिनचा गंध नसलेल्या व्यक्तीला ते दिसते.

जखमीला वेगळ्या टाकीत हलवताना जाळी वापरू नये, शेपटीचा काटा तिच्यात अडकतो. पसरट टब पाण्यात बुडवून त्याला अलगद त्यात सरकू द्यावे. काटा विषारी असतो. तो लागल्यास सोसवेल इतक्या गरम पाण्यात हात बुडवून ठेवावा आणि दवाखाना गाठावा. तेथे ‘काय चावले?’ या प्रश्नाला लॅटिनमध्ये उत्तर देण्याचे टाळावे.

औषधाकडे मालकाचा ओढा स्वाभाविक असतो. बाटली हातात असली की माणूस काहीतरी करतो आहे असे दिसते. परंतु तांबेयुक्त औषधे पाकटाला घातक ठरतात. इतर माशांना मानवणाऱ्या कित्येक औषधांचीही तीच गत. तालुक्यातल्या पशुवैद्यकांचा हात गाई-म्हशींवर बसलेला असतो. माशांच्या शिक्षणासाठी मराठवाड्यात उदगीरला स्वतंत्र महाविद्यालय आहे, तेथील सल्ला घेतल्याविना झाकण उघडू नये. किरकोळ जखमेवरचा मुख्य उपचार एकच: स्वच्छ पाणी. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, तापमान २६ ते २८ अंश, उजेड कमी आणि बघ्यांना बंदी.

पाण्याचा विषय थोडक्यात आटोपण्यासारखा नाही. सहा फूट लांब, अडीच फूट रुंद आणि दोन फूट उंच टाकीत सुमारे ८५० लिटर पाणी मावते. एक तृतीयांश बदलायचे तर २८३ लिटर, म्हणजे जवळजवळ दीड ड्रम. ते टँकरचे असल्यास त्यात टीसीएल पावडर असणार, तेव्हा अँटी-क्लोरीन घालणे आले. जुने पाणी नळीने काढतात. एक टोक टाकीत, दुसरे बादलीत, मधली ओढ तोंडाने, पुढे उतार काम करतो. उताराचे हे शास्त्र ज्याला पुरते कळले होते तो मलिक अंबर खुलताबादेतच विसावला आहे. १६१० साली त्याने खडकी, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, वसवली आणि जमिनीखालच्या नहरीने, पंपाशिवाय, शहराला पाणी खेळवले. १६२६ मध्ये तो वारला. त्याच शहरात पुढे पाणचक्की झाली. तिचे डोंगरातले पाणी मातीच्या नळांतून येते, भिंतीत वर चढते आणि हौदात कोसळते. त्या हौदात मासे आहेत आणि त्यांची लॅटिन नावे कोणी विचारत नाही. चारशे वर्षांनंतर त्याच मुलखात नळ कोणत्या वारी येईल यावर लग्नाच्या तारखा ठरतात. उन्हाळ्यात टँकरमागे हंड्यांची रांग लागते आणि त्या रांगेसमोर माशासाठी दीड ड्रम बाजूला काढणाऱ्या गृहस्थाकडे कोणी रागाने पाहत नाही. कोणी काही बोलतही नाही. न बोलणे अधिक लागते. जखमेला स्वच्छ पाणी हवे, हा नियम केवळ पाकटापुरता नाही.

काढलेले पाणी फेकू नये. मीठ वा औषध नसल्यास ते झाडांना उत्तम खत ठरते. जखमी पाकट असलेल्या घरचा कढीपत्ता आळीत सर्वांत तरारलेला असतो आणि शेजाऱ्यांना पाकटाचा दिसणारा एकमेव उपयोग हाच.

पाकट पुन्हा खाऊ लागला, गांडूळ दिसताच त्यावर अंग टाकू लागला की तो सुधारतो आहे असे मानावे. कडेचा लहानसा तुकडा गेला असला तरी तो बहुधा भरून येतो. तुटलेल्या काट्याच्या जागी नवा उगवतो. मूळ टाकीत सोडण्यापूर्वी हीटरला जाळी बसवावी आणि सकर व कैलास दोघांनाही निरोप द्यावा. कंटाळा आला म्हणून पाकट नाथसागरात सोडू नये. परक्या माशांनी भरलेले धरण कोणालाच परवडत नाही. काळ्या अंगावर पांढरे ठिपके असलेली ‘लिओपोल्डी’ ही जात २०२३ पासून वन्यजीवांच्या व्यापारावरील सायटीस कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे आणि वन्यजीव कायद्यातल्या २०२२ च्या दुरुस्तीनुसार परिशिष्टांतल्या अशा जिवंत प्राण्यांची नोंदणी करावी लागते. अर्जात प्राण्याचे शास्त्रीय नाव लिहावे लागते. मालकाच्या लॅटिनचा अधिकृत उपयोग होण्याचा हा एकमेव प्रसंग होय.