वटवट कोणाची?

वेताळ टेकडी, सकाळचे सात, एक बाभूळ, आत आठ-नऊ ग्रॅमचा मातकट जीव आणि बाहेर दीड-दोन लाखांच्या लेन्सा. पाहुणा हिवाळ्यापुरता मध्य आशियातून आला आहे, एवढ्यावर एकमत. पुढे दोन तट पडले : बूटेड वॉर्बलर की साईक्सचा? चोच किंचित लांब, रंग जरा फिका, तर साईक्सचा. आता हे 'किंचित' आणि 'जरा' कशाच्या तुलनेत, ते विचारायचं नसतं. विचारणारा नवखा ठरतो.

कर्नल साईक्सनं १८३२ मध्ये दख्खनचे पक्षी नोंदवताना याचं बारसं केलं. त्याचं सोपं होतं. त्या काळी आधी बंदूक चालवत, मग चोच निवांत मोजत. आमचा पक्षी मात्र जिवंत, आणि त्यानं वीस मिनिटांत फक्त शेपटीखालची बाजू दाखवली. तेवढ्यावर एका काकांनी जात, वय आणि बहुधा गोत्रही सांगितलं.

शेवटी तो भुर्रकन उडाला. यादीत नोंद झाली, 'साईक्सचा, नक्की'. काकांचा आवाज सर्वांत मोठा होता.

मराठीत या कुळाला वटवट्या म्हणतात. पक्षी त्या सकाळी अवाक्षर बोलला नव्हता.