वाघ दिसला नाही, एक तारा

शहरातलं एक जोडपं मुक्ताईनगरला आलं ते वाघ बघायला. कोथळीचं मुक्ताईचं देऊळ सेल्फीपुरतं झालं. तापी-पूर्णेच्या संगमावरच्या चांगदेव मंदिरातली शिल्पं ‘छान आहेत हं’ एवढ्यावर निभावली. मग मुक्ताई-भवानीचं राखीव जंगल.

“जिप्सी कुठे मिळेल हो?”

चहावाल्या भाऊंनी नुसतं डोलारखेड्याकडे बोट केलं. तिकडचा वाघ केळीच्या बागांतही वावरतो. दाट सावली, ठिबकचा गारवा, वर आयती रानडुकरं. एवढी सोय चांगल्या हॉटेलातही नसते. शेतीची वीज रात्री आली की शेतकरी बॅटरी घेऊन पाणी द्यायला निघतो, तीच इथली सफारी. तिकीट नाही, परतीची हमीही नाही.

“अहो, केळीत कसला वाघ? फोटोत जंगल नको दिसायला?”

अहोंनी मान डोलावली. चांगदेव वाघावर बसून ज्ञानदेवांना भेटायला गेले म्हणतात; त्यांनाही पार्श्वभूमी कुणी विचारली नसावी. चौदाशे वर्षं जगून त्यांनी पाठवलेलं पत्र कोरंच निघालं, म्हणून मुक्ताई हसली. या दोघांना तेवढा कोरेपणा शनिवार-रविवारात जमला.

भरिताला मात्र त्यांनी चार तारे दिले. एक तिखटापायी कापला.